सिग्नलला पुढच्या गाडीला टेकली, क्लेम न करता मिटवायचंय. काय काय बघावं?

होटगीरोडकर (प्रश्न)

सात रस्त्याच्या सिग्नलला माझी हॅचबॅक पुढच्या सेडानला मागून टेकली. वेग फार तर पंधरा-वीस. कुणाला काही लागलेलं नाही. दोघांनी फोटो काढले, मोबाइल नंबर घेतले आणि गाड्या बाजूला घेतल्या.

त्यांच्या मागच्या बंपरला खाली तडा आणि हातभर ओरखडा. माझा पुढचा बंपर डाव्या कोपऱ्यात आत गेलाय, जाळी तुटलीय, नंबरप्लेट वाकलीय. गाडी व्यवस्थित चालते.

समोरचे म्हणतात, "आठ हजार द्या, विषय संपवू." माझ्या गाडीचा खर्च गॅरेजवाल्याने बाहेरून बघूनच १३,००० सांगितला: बंपर ४,५००, जाळी १,५००, रंग ५,५००, मजुरी १,५००.

पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे, झिरो डेप (भागांचा घसारा न कापणारं जादा कव्हर) नाही. इंजिन १,२०० सीसीचं, गाडी सहा वर्षांची. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ४५ टक्के, ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, हप्ता बोनस वजा जाता ६,०५०.

क्लेम करावा की खिशातून भरावं? आठ हजार द्यायचे तर लिहून काय घ्यावं? आणि पोलिसांत जावं लागतं का?

---

पत्रा_पुट्टी

हिशेब नंतर. आधी बंपर खोला.

बाहेरून बघून सांगितलेला आकडा हा अंदाजपंचेच असतो. बंपर पॉलिप्रोपिलिनचा, म्हणजे लवचिक प्लॅस्टिकचा. धक्का बसला की तो आत दबतो, मागच्या वस्तूंना ढकलतो आणि बराचसा परत जागेवर येतो. वरून ओरखडा दिसतो, मोडलेलं सगळं आत असतं. तुमचा तर आत गेलेला दिसतोच आहे.

खोलायला अर्धा-पाऊण तास पुरतो. चाकाच्या कमानीतले स्क्रू, वरच्या पट्टीच्या क्लिपा, खालचे बोल्ट. जुन्या क्लिपा हमखास तुटतात. त्या नव्याच घालायला सांगा, किंमत किरकोळ असते. तीन-चार क्लिपांवर बंपर परत लटकवला तर हायवेला तो फडफडतो आणि कडेचा रंग घासून निघतो.

खोलल्यावर डाव्या बाजूला नीट बघा.

साइड ब्रॅकेट: फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) आणि बंपर जिथं जुळतात तिथली प्लॅस्टिकची पट्टी. कोपऱ्यात मार बसला की पहिली तीच मोडते. ती न बदलता नवा बंपर बसवला तर फट कायम राहते, मग गॅरेजवाला "गाडीचं असंच असतं" म्हणून मोकळा होतो.

हेडलाइटचे कान: काच शाबूत असली तरी मागचे प्लॅस्टिकचे कान तुटलेले असतात. हाताने लाइट हलवून बघा. हलत असेल तर रात्री उजेड थरथरतो आणि समोरच्याच्या डोळ्यावर जातो. बऱ्याच मॉडेलना कानांचं वेगळं किट मिळतं, एका कानासाठी अख्खा लाइट बदलू नका.

कंडेन्सर: खरा खर्च इथं. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढं, बंपरच्या लगेच मागं असतो. नुसत्या पात्या आडव्या झाल्या असतील तर त्या विंचरून सरळ होतात. पण कुठं तेलकट डाग दिसला तर गळती धरा, कारण एसीच्या गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल फिरत असतं आणि गॅस जातो तिथं तेही बाहेर येतं. बारीक गळती असेल तर एसी आज गार लागतो, पंधरा दिवसांनी लागत नाही. सोलापूरच्या एप्रिलमध्ये ते कळायचं तेव्हा कळेलच, पण तोवर कुणाकडं काही मागता येत नाही.

शिवाय क्रॅश बीम (बंपरमागचा धातूचा आडवा दांडा) वाकलाय का, फोम दबून फुटलाय का, बॉनेटचं कुलूप एका दमात लागतं का, हेही पाहा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. डावीकडचं लायनर (चाकाच्या कमानीतलं प्लॅस्टिक) टायरला घासत असेल तर आवाज येईल. इंजिन थंड असताना कूलंटच्या बाटलीवर पेनाने खूण करा, रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. पुठ्ठ्यावर हिरवा किंवा गुलाबी डाग म्हणजे कूलंट, स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं.

एअरबॅगचा दिवा चालू राहत असेल तर खिशातून मिटवायचा विचारच सोडा.

खोलताना फोटो काढा आणि रंगकाम सुरू करू नका. क्लेम करायची वेळ आलीच तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला तुटलेला माल जागेवर दिसला पाहिजे. दुरुस्त झालेल्या गाडीचा क्लेम मागायला गेलात तर नकारच येणार.

---

आकडेमोड_१३

तुमचे आकडे हिशेबापुरते आहेत, म्हणून मांडतो.

झिरो डेप नसताना प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. पत्र्याचा घसारा वयाप्रमाणे (५ ते १० वर्षांच्या गाडीला ४० टक्के), काचेला शून्य. रंगाच्या एकत्रित बिलातले २५ टक्के साहित्य धरतात आणि त्यातलं निम्मं कापतात. १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला सक्तीची वजावट (प्रत्येक क्लेममध्ये आपल्या खिशातून जाणारी रक्कम) १,००० रुपये, त्यापुढे २,०००.

तुमचं १३,०००चं बिल असं पडेल. बंपर आणि जाळी ६,०००, त्यातले ३,००० मिळणार. रंग ५,५००, त्यातले साधारण ६९० जाणार, मिळणार ४,८१०. मजुरी १,५०० पूर्ण. बेरीज ९,३१०, त्यातून १,००० वजा. हातात ८,३००च्या आसपास.

आता बोनस. एक ओन डॅमेज क्लेम झाला की तो थेट शून्यावर येतो. पुढं क्लेमविना एकेक वर्ष जाईल तसा २०, २५, ३५, ४५, ५० असा परत चढतो. तुमचा बोनसविना हप्ता ११,००० होतो. क्लेम न केल्यास पुढच्या वर्षी ५० टक्क्यांनी ५,५०० भराल आणि तिथंच राहाल. केल्यास अनुक्रमे ११,०००, ८,८००, ८,२५०, ७,१५०, ६,०५०. जादा गेलेली रक्कम: ५,५०० + ३,३०० + २,७५० + १,६५० + ५५० = १३,७५०. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १६,२२५.

दरवर्षी आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) उतरते तसा मूळ हप्ताही थोडा उतरतो, म्हणून प्रत्यक्षात १३-१४ हजार धरा. तरीही ८,३०० घेण्यासाठी तेवढे घालवणं झालं. झिरो डेप असता तरी १२,०००च मिळाले असते. म्हणजे क्लेम नको.

कंडेन्सर, रेडिएटर किंवा हेडलाइट नवा घालायची वेळ आली तर गणित उलटतं. पॉलिसीतून हाती पडणारी रक्कम १५ हजारांच्या वर जात असेल तर क्लेम करा. म्हणून वरच्या प्रतिसादातलं "आधी खोला" महत्त्वाचं.

एक गोष्ट बहुतेक जण धरत नाहीत. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. येत्या वर्ष-दोन वर्षांत गाडी बदलायची असेल तर हाच ५० टक्के बोनस नव्या गाडीच्या ओन डॅमेज हप्त्यावर मिळतो, आणि तो हप्ता आताच्यापेक्षा बराच मोठा असतो. तेव्हा छोटा क्लेम आणखी महाग पडतो. थर्ड पार्टीच्या (दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याच्या) हप्त्यावर बोनस लागू होत नाही, म्हणून हिशेब एकूण हप्त्यावर करू नका. पॉलिसीत एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम केला तरी बोनस टिकवणारं जादा कव्हर) असेल तर हे सगळं गणितच वेगळं, आधी तेवढं तपासा.

---

कलम_आणि_कागद

पोलिसांचं आधी. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ फक्त जखमींपुरतं नाही, दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तरी ते लागू होतं. जागेवर पोलिस नसेल तर लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या ठाण्यात कळवावं असं त्यात आहे. त्याच कलमात विमा कंपनीला लेखी कळवायचंही आहे. बंपरला बंपर लागला आणि दोघांचं जमलं की ठाण्यात फारसं कुणी जात नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण समोरचा आज गोड बोलून उद्या फिरेल अशी शंका असेल, किंवा डिव्हायडर, महापालिकेचा खांब, कुणाचं गेट यात आलं असेल, तर एक पानी अर्ज द्या आणि शिक्क्याची पोच घ्या.

कंपनीला कळवणं आणि क्लेम करणं या दोन वेगळ्या गोष्टी. ईमेलमध्ये तारीख, वेळ, ठिकाण, दोन्ही गाड्यांचे क्रमांक आणि "फक्त माहितीसाठी, सध्या क्लेम करत नाही" एवढं लिहा. त्यांनी क्लेम नंबर तयार केलाच तर तो पैसे न घेता बंद झाल्याचं लेखी मागवा. रिन्यूअलच्या वेळी बोनसवरून वाद नको.

पॉलिसीच्या छापील अटी वाचा. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक कबूल करू नये, पैसे देऊ करू नयेत, आश्वासन देऊ नये अशी अट प्रमाणित मोटार पॉलिसीत आहे. म्हणजे खिशातून मिटवायचं तर शेवटपर्यंत खिशातूनच. आज आठ हजार देऊन उद्या तेच प्रकरण कंपनीच्या गळ्यात मारता येणार नाही.

याच कारणाने, कुणालाही लागलं असेल तर आपसांत मिटवू नका. दुचाकीवाला उठून "काही नाही ओ, जातो" म्हणाला तरी. आधी १०८, मग ११२, सिव्हिलमध्ये तपासणी आणि ठाण्यात नोंद. मुका मार संध्याकाळी सुजतो, हाड मोडल्याचं एक्स-रेत कळतं. जखमी माणसाच्या भरपाईसाठीच थर्ड पार्टी विमा असतो, आणि दोन हजारांच्या चिठ्ठीने मोटार अपघात न्यायाधिकरणातला दावा थांबत नाही. बेदरकार गाडी चालवण्याचा गुन्हा (भारतीय न्याय संहिता कलम २८१) दोघांच्या समझोत्याने मिटत नाही, हेही लक्षात असू द्या. तुमच्या प्रकरणात कुणी जखमी नाही, म्हणून पुढचं लिहितो.

आठ हजार रोख देऊ नका. पैशापेक्षा पद्धत महत्त्वाची. त्यांना म्हणा, "साहेब, तुमच्या नेहमीच्या गॅरेजला गाडी लावा, बंपर उतरवून अंदाजपत्रक घ्या, मी थेट गॅरेजला यूपीआय करतो." डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्याचा पत्रा बघायला सांगा. तिथं सुरकुती असेल तर धक्का बंपरवर थांबलेला नाही. पार्किंग सेन्सर तपासा, डिकी दोनदा उघडून लावा. सगळं पाहून झालं की मगच आकडा. तो साडेसहा निघेल किंवा साडेनऊ, पण नंतर "अजून एक निघालं" असा फोन येणार नाही.

पैसे देण्याआधी एमपरिवहन ॲपवर त्यांच्या गाडीचा नंबर टाका. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं असतं, तरी जुळतं का ते कळतं. चालवणारे वेगळे आणि मालक वेगळे असतील, किंवा गाडी कंपनीची अथवा भाड्याची असेल, तर पावती मालकाचीच हवी. ड्रायव्हरशी मिटवलं आणि चार दिवसांनी मालक दारात, हा प्रकार नेहमीचा आहे. आणि मूळ लायसन्स किंवा आरसी कुणाच्या हातात "तारण" म्हणून देऊ नका.

मजकूर असा पुरे:

"दि. __ रोजी __ वाजता सात रस्ता, सोलापूर येथे वाहन क्र. __ व वाहन क्र. __ यांची किरकोळ धडक झाली. कोणालाही इजा झालेली नाही. वाहन क्र. __ चा मागील बंपर उतरवून तपासण्यात आला. त्याच्या दुरुस्तीपोटी रु. __ (अक्षरी __) यूपीआय व्यवहार क्र. __ द्वारे पूर्ण मिळाले. या घटनेतील वाहनाच्या नुकसानीबाबत माझी आता कोणतीही मागणी नाही. याच नुकसानीसाठी मी विमा दावा करणार नाही."

खाली मालकाचं नाव, पत्ता, मोबाइल, सही, तारीख आणि तुमची सही. रक्कम ५,०००च्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावरून सही. पाचशेचा स्टँप आणून नोटरी करण्याइतकं हे प्रकरण मोठं नाही. "चूक माझी होती" हे वाक्य मुद्दाम घातलेलं नाही. समोरच्याने आग्रह धरला तरी घालू नका, त्यांना पैसे हवेत आणि ते मिळताहेत. कागदाचा फोटो दोघांच्या व्हॉट्सॲपवर टाका.

---

होटगीरोडकर

सगळ्यांचे आभार. बंपर खोलला. साइड ब्रॅकेट मोडलाय, फोम फुटलाय, हेडलाइटचा एक कान गेलाय. बीम सरळ. कंडेन्सरच्या पात्या आडव्या झाल्यात, पण तेल कुठंच नाही. नवा आकडा १५,२००. समोरच्यांच्या गॅरेजने बंपर वेल्डिंग आणि रंग मिळून ६,५०० सांगितलेत, खड्ड्याचा पत्रा ठीक आहे. ईमेल केला, कागदही वरच्यासारखाच करतोय.

आता माझा बंपर नवा घालू की जुनाच दुरुस्त करू? पेंटर म्हणतो, उघड्या शेडमध्येच मारतो, फरक पडत नाही.

---

आकडेमोड_१३

वाढलेले २,२०० बहुतेक प्लॅस्टिकचेच, म्हणजे पॉलिसीतून त्यातले हजार-अकराशे वाढतील. निर्णय तोच.

---

पत्रा_पुट्टी

कोपरा नुसता आत गेला असेल आणि तडा नसेल तर जुना वाचतो. उकळतं पाणी ओतून किंवा हीट गनने गरम करून आतून दाबला की पॉलिप्रोपिलिन जागेवर येतं. तडा मधल्या सपाट भागात असेल तर आतून स्टीलची जाळी घालून प्लॅस्टिक वेल्डिंग टिकतं. पण तडा बसवायच्या कानावर किंवा कडेच्या खाचेत असेल तर नवाच घाला. तिथलं वेल्डिंग दोन खड्ड्यांत सुटतं, आणि विजापूर रोडला दोन खड्डे लागायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे.

नवा घ्याल तर कंपनीचाच, रंग न दिलेला. बाहेरचा डुप्लिकेट स्वस्त असतो, पण त्याची भोकं जुळत नाहीत, आणि ओढून बसवलेला बंपर उन्हाने वाकतो.

उघड्या शेडने फरक पडतो. वारा सुटला की धूळ ओल्या क्लिअरवर (रंगावरच्या पारदर्शक थरावर) बसते आणि हाताला खडेखडे लागतात. बूथ नसेल तर सकाळी लवकर, खाली पाणी मारून, पडदे लावून मारायला सांगा. चाळीसच्या वर पारा असताना दुपारी मारलेला रंग बंदुकीतून पत्र्यापर्यंत येईस्तोवर अर्धा सुकतो, मग संत्र्याच्या सालीसारखा दाणा येतो. त्यावर उपाय हळू सुकणारा थिनर. पेंटरला नेमकं हेच विचारा: "उन्हाळ्याचा थिनर आहे का?" उत्तर टाळलं तर गाडी दुसरीकडं न्या.

बंपरला प्लॅस्टिक प्रायमर लागतोच. तो न मारता थेट रंग दिला तर पहिल्याच प्रेशर वॉशला पापुद्रे उडतात. बंपर आणि फेंडरच्या रंगात फरक नको असेल तर गाडीच्या स्टिकरवरचा कलर कोड द्या. स्टिकर बहुतेक ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली असतो. पांढरा साधा असेल तर सहज जुळतो. चंदेरी किंवा ग्रे मेटॅलिक असेल तर आधी पत्र्याच्या तुकड्यावर नमुना मारून उन्हात गाडीशेजारी धरून बघा. शेडच्या ट्यूबलाइटखाली सगळेच रंग जुळतात.

फेंडरवर पुट्टी लावावी लागली तर थर दोन-तीन मिलिमीटरच्या वर नको. खोल खड्डा आधी पत्रा ठोकून वर आणायचा, पुट्टीने भरायचा नाही, जाड थर उन्हात आकसून चिरतो. पुट्टी घट्ट करणारा हार्डनर साधारण दोन टक्के. घाईसाठी जास्त घातला की महिन्याभराने रंगातून डाग वर येतो. तयार झाल्यावर फ्रिजचा पातळ लोहचुंबक फिरवून बघा. कुठं धरतच नसेल तर खाली पुट्टीच पुट्टी आहे.

---

बाळे_ब्रिज

गाडी ताब्यात घ्यायला दिवसाउजेडी जा, संध्याकाळी सातला नको. फेंडर आणि बंपरमधली फट दोन्ही बाजूंना सारखी हवी, एक रुपयाचं नाणं दोन्हीकडं लावून बघा. हेडलाइट भिंतीवर टाकून दोन्हींची उंची तपासा, कान बदलल्यावर लाइट हमखास वर किंवा खाली बघत असतो. हॉर्न वाजवा, फॉग लावा. खोलताना त्यांची सॉकेटं काढलेली असतात आणि परत जोडायची राहतात. उरलेले स्क्रू-क्लिपा मागून घ्या. मूठभर निघाले तर बंपर अर्धवट बसवलाय असं समजा आणि तिथंच परत खोलायला लावा.

रंगावर पहिला महिनाभर वॅक्स-पॉलिश नको, प्रेशर वॉश तर नाहीच. बिल जीएसटीचं घ्या, त्यावर भागांची नावं वेगवेगळी लिहून घ्या आणि जुना मोडका ब्रॅकेट परत मागा. तो हातात आला म्हणजे नवा बसलाय.